लॉस्ट कोस्ट : चार दिवसांच्या रूटच्या नोंदी

११ जानेवारी

ठरलं एकदाचं. मी, ताई आणि दाजी, तिघं जून महिन्यात लॉस्ट कोस्ट चालणार. उत्तर कॅलिफोर्नियातला किंग रेंजचा किनारा, मॅटोल नदीच्या मुखापासून शेल्टर कोव्हच्या ब्लॅक सँड्स बीचपर्यंत, सुमारे २५ मैल म्हणजे ४० किमी. इथे डोंगर इतके सरळ समुद्रात उतरतात की हायवे १ बांधणाऱ्यांनी हा पट्टा सोडून दिला आणि रस्ता आतल्या बाजूला वळवला, म्हणून किनारा 'हरवलेला'. किंग पीक १२४६ मीटर उंच आणि समुद्रापासून जेमतेम तीन मैलांवर, यावरून अंदाज यावा.

ॲपमध्ये ट्रॅक टाकला तर ते म्हणतंय चालायला एकूण ९ तास. चढ जवळजवळ नाही. मी म्हणलं मग काय, अडीच दिवसात आरामात होतंय, शुक्रवारी निघू आणि रविवारी दुपारी गाडीत. ताई म्हणाली, "अरे ९ तासांचंच असेल तर लोक तीन-चार दिवस का घेतात?" उत्तर नव्हतं माझ्याकडे, विषय बदलला.

१४ जानेवारी

दिशा नक्की केली, उत्तरेकडून दक्षिणेला. उन्हाळ्यात इथला वारा वायव्येकडून येतो आणि जोरात येतो, तो सगळी वाट तोंडावर घ्यायचा की पाठीवर एवढाच प्रश्न आहे, फार डोकं लावायचं कारण नाही.

गाडी ब्लॅक सँड्सला म्हणजे शेवटाला ठेवायची आणि तिथून शटलने मॅटोलला जायचं. नकाशावर जवळ दिसतं पण रस्ता डोंगरातून गरागरा फिरत जातो, साधारण दोन तास. अजून एक फायदा, चालून आल्यावर कुणाची वाट बघत बसायला नको, थेट गाडीपाशीच पोचतो.

२५ जानेवारी

परमिट मिळालं! रेक्रिएशन डॉट गव्हवरून, तिघांचं, ५ जूनपासून. रोज किती जणांनी सुरुवात करायची यावर मर्यादा आहे त्यामुळे दिसली तारीख की घेतली. ५ जूनच का, तर दाजींची सुट्टी त्या आठवड्यात बसते म्हणून. (हे वाक्य मुद्दाम ठेवतोय, पुढे याच्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलंय.)

बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता येणार नाहीत असे खाण्याचे डबे, सक्तीचे आहेत. प्रत्येकी एक, भाड्याने घेणार. खाणं तर आत जातंच, टूथपेस्ट आणि सनस्क्रीनसुद्धा आतच.

२ फेब्रुवारी

ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा (हा भाग सांभाळणारं सरकारी खातं) नकाशा आज नीट उघडला आणि माझा सगळा प्लॅन कोसळला.

किनाऱ्यावर दोन पट्टे वेगळ्या रंगाने दाखवलेत. पहिला सी लायन गल्च ते रँडल क्रीक, दुसरा मिलर फ्लॅट ते गिचेल क्रीक, दोन्ही साधारण चार-चार मैलांचे. भरतीच्या वेळी हे पार करताच येत नाहीत. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी, आणि पाणी चढलं की मधली पुळण संपते, मग लाटा थेट कड्यावर आपटतात. कड्यावरून वर चढून जायला वाट नाही. त्याशिवाय पुंता गोर्डाचं टोक आहे, छोटंसं पण तेही मोठ्या भरतीत त्रास देतं.

म्हणजे २५ मैलांतले ८ मैल असे आहेत की जिथे आपण कधी चालायचं हे समुद्र ठरवणार. आणि मी काय केलं होतं, तर २५ भागिले अडीच. ॲपला बिचाऱ्याला चढउतार कळतो, पाणी कळत नाही.

ताईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे आधी वेळापत्रक बनवायचं आणि मग मुक्काम. तू उलटं करत होतास." ही प्रोजेक्ट प्लॅनिंगवाली बाई आहे, घरातसुद्धा असंच बोलते.

९ फेब्रुवारी

आठवडाभर भरती-ओहोटी वाचतोय. शाळेत जेवढं कळलं होतं ते पुरेसं नाही.

एक, या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात पण त्या सारख्या नसतात. एक ओहोटी खरीखुरी खोल जाते आणि दुसरी नुसतं नाव. उदाहरणार्थ सकाळी पाणी शून्य फुटापर्यंत उतरेल पण संध्याकाळच्या 'ओहोटी'ला तीन फुटांवरच थांबेल. टेबलमध्ये दोन्हींना 'लो' असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे नुसतं 'लो' बघून प्लॅन करणारा माणूस संध्याकाळी कड्याखाली अडकू शकतो. आकडा बघायचा, शब्द नाही.

दोन, अमावस्या-पौर्णिमेला उधाण. भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, सगळंच मवाळ. आणि ओहोटीची वेळ रोज साधारण पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

तीन, आणि हे मला अजिबात माहीत नव्हतं. कॅलिफोर्नियात उधाणाची खोल ओहोटी उन्हाळ्याच्या दिवसांत पहाटे-सकाळी येते आणि हिवाळ्यात दुपारी. म्हणजे जानेवारीत केलेल्या कुणाच्या ट्रिपचं वेळापत्रक जूनमध्ये जसंच्या तसं उचललं तर वाट लागणार.

आता हे तिन्ही आमच्या ५ जूनवर लावलं. ६ ला पौर्णिमा. खोल ओहोटी सकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास, आम्ही त्या वेळी शेल्टर कोव्हमध्ये बुटाच्या लेस बांधत असू. शटलने मॅटोलला पोचेपर्यंत पाणी चढायला लागलेलं, दुपारच्या भरतीत पुंता गोर्डा. दुसऱ्या दिवशीपासून ओहोटी गाठायची तर अंधारात उठून हेडलॅम्पवर चार मैल दगडांतून चालायचं.

पौर्णिमेचं चांदणं छान दिसलं असतं म्हणा. पण नको.

१० फेब्रुवारी

दाजींना सांगितलं की तारीख बदलावी लागेल. ते म्हणाले, "सुट्टी बदलता येते, चंद्र बदलता येत नाही." मग त्यांनी लगेच सुट्टीचा अर्ज बदलला. ताईने मात्र अर्धा तास ऐकवलं.

२२ फेब्रुवारी

वेगाची चाचणी. पाठीवर १५ किलो घेऊन एका लांबलचक बीचवर तिघंही दिवसभर चाललो, हातात घड्याळ. ॲप गृहीत धरतं ताशी जवळपास ३ मैल, आमचे आकडे असे आले :

ओल्या घट्ट वाळूवर ताशी सव्वादोन मैल. कोरड्या भुसभुशीत वाळूवर दीड, आणि पोटऱ्या भरून येतात. गोट्यांवर, म्हणजे मुठीएवढ्या ते डोक्याएवढ्या गुळगुळीत दगडांवर, १.१. शेवटचा आकडा दाजींच्या गुडघ्याचा आहे, माझा एकट्याचा थोडा बरा आला पण टीमचा वेग म्हणजे सगळ्यात हळू माणसाचा वेग, त्यामुळे शीटमध्ये १.१ च जाणार. दाजी म्हणाले माझ्यामुळे सगळ्यांना हळू चालावं लागतंय. मी म्हणलं दाजी, तुमच्यामुळे प्लॅन खरा होतोय, नाहीतर माझा आकडा टाकून आपण तिघंही पाण्यात उभे राहिलो असतो.

चार मैल भागिले १.१ म्हणजे ३ तास ४० मिनिटं. एका पट्ट्याला. न थांबता.

८ मार्च

कुणीतरी रद्द केलेलं परमिट सापडलं, ९ जून, तीन जागा. रोज सकाळी चहाआधी साइट बघायची सवय लागली होती तिचा उपयोग झाला. जुनं रद्द केलं.

९ जून म्हणजे पौर्णिमेनंतर तीन दिवस. ओहोटी तेवढी सरकून सकाळी उजेडात येते आणि खोलीही अजून बऱ्यापैकी शिल्लक असते. अजून चार-पाच दिवस पुढे गेलो असतो तर भांग, ओहोटी तेवढी उतरलीच नसती.

२१ मार्च

आज जे झालं ते सविस्तर लिहितो.

मी नोआच्या (अमेरिकेची हवामान आणि समुद्राची सरकारी संस्था) साइटवरून शेल्टर कोव्हचं टेबल उतरवून शीट बनवली होती. ९ जून ७:५०, १० जून ८:४०, ११ जून ९:३०, १२ जून १०:१५, या खोल ओहोटीच्या वेळा. त्यावर सगळे मुक्काम बसवले, रंग दिले, ताईला पाठवली. ती म्हणाली माझ्या फोनमधलं ॲप १० जूनला ९:४० दाखवतंय. मी म्हणलं ॲप आहे गं ते, कुठलं स्टेशन घेतंय काय माहीत, नोआचं खरं. ती ऐकेना. तिने काय केलं, दोन्हीकडून बऱ्याच तारखा काढून शेजारी शेजारी लावल्या. १ मार्च जुळते. ५ मार्च जुळते. २० मार्च जुळत नाही, बरोबर एक तासाचा फरक. एप्रिल, मे, जून, सगळीकडे एक तास.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. टेबल उतरवताना वेळेचा पर्याय विचारतात, त्यात मी प्रमाणवेळ निवडली होती, उन्हाळी वेळेसकटचा पर्याय नाही. टेबलची काही चूक नाही, त्यांनी जे मागितलं तेच दिलं. फेब्रुवारीत बसून बघणाऱ्याला दोन्ही पर्याय सारखेच दिसतात म्हणून मलाही काही खटकलं नाही.

एक तास म्हणजे काय होतं हे नंतर काढून बघितलं. माझ्या शीटप्रमाणे आम्ही १० जूनला सकाळी ६ वाजता सी लायन गल्चमधून आत शिरणार होतो, पाणी उतरलेलं आहे असं समजून. प्रत्यक्षात तेव्हा ते ३ फुटांच्या वर असतं. घसरडे दगड, कड्याला टेकलेलं पाणी, आणि मी शीट दाखवत म्हणणार की पाणी तर उतरलेलं असायला पाहिजे.

शीटच्या सगळ्यात वर आता लाल अक्षरांत लिहिलंय : मनगटावरच्या घड्याळाची वेळ. ताईने रात्री फक्त एक अंगठा पाठवला, तेवढ्यात सगळं आलं.

५ एप्रिल

आता खिडक्या, म्हणजे पट्टा पार करता येईल एवढं पाणी खाली असतं ते तास. लोक साधारण असं धरतात की हे पट्टे पाणी ३ फुटांच्या खाली असताना, आणि शक्यतो उतरत्या पाण्यात सुरू करायचे. पण टेबलमध्ये फक्त भरती आणि ओहोटी यांच्या वेळा आणि उंची, मधल्या वेळी पाणी कुठे असेल ते स्वतः काढावं लागतं. त्यासाठी बाराव्या भागांचा जुना ठोकताळा वापरला : ओहोटी ते भरती हा काळ सहा समान भागांत तोडायचा, पाणी त्या भागांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ बारांश चढतं. सुरुवातीला आणि शेवटी हळू, मधे धावत. पुस्तकात एक भाग म्हणजे एक तास असतो पण इथे दोन भरत्यांमधलं अंतर एकसारखं नाही, म्हणून खरा कालावधी भागिले सहा करायचा.

१० जूनचं करून बघतो. ओहोटी ९:४० ला ०.६ फूट, पुढची भरती १६:४० ला ४.८. फरक ४.२ फूट, सात तास, म्हणजे एक भाग ७० मिनिटांचा.
१०:५० ला ०.९५
१२:०० ला १.६५
१३:१० ला २.७
म्हणजे साधारण दीड वाजता ३ फूट. उलट्या बाजूने, रात्री पावणेतीनच्या जरा आधीची ६ फुटांची भरती धरून, पाणी ३ च्या खाली येतं ते ६:२५ ला. खिडकी ६:२५ ते १३:३०, सात तास. आम्हाला लागणार ३ तास ४०.

गंमत म्हणजे ऐकायला सात तास म्हणजे चैन वाटते. पण टेबलमधला आकडा शांत समुद्राचा असतो, लाटा त्यावर वेगळ्या. म्हणून दोन्ही टोकांचा जवळपास एकेक तास मी सरळ कापून टाकला. आणि ओहोटीच्या क्षणापर्यंत अर्ध्याहून जास्त पट्टा मागे पडलेला असला पाहिजे हा आमचा नियम, म्हणजे काही बिघडलं तरी पाणी अजून तळालाच असतं.

१२ जूनची खिडकी, दुसऱ्या पट्ट्याची, ८:१० ते १४:२०. तीही पुरते.

१९ एप्रिल

मुक्काम आपोआप बसले. खरंच आपोआप, पट्टे आणि खिडक्या मांडल्यावर पर्यायच फार उरत नाहीत.

पहिला दिवस, ९ जून. शटल ७ वाजता, मॅटोलहून १० च्या आत सुटायचं. ओहोटी ८:५० ला होऊन गेलेली, पाणी चढतंय, साधारण एकला ३ फूट होणार, म्हणून पुंता गोर्डाचं टोक १२:३० च्या आत ओलांडायचं. तीन मैल, अडीच तास, सगळी मऊ वाळू आणि जड बॅगा. पुढे दीपगृह. १९१२ साली सुरू झालं आणि १९५१ ला बंद, इतकं अडनिडं ठिकाण की त्याला दीपगृहांचं अल्कात्राझ (सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बेटावरचा तुरुंग) म्हणायचे. आसपास एलिफंट सील पडलेले असतात, त्यांच्या आणि समुद्राच्या मधून कधीच जायचं नाही, डोंगराच्या बाजूने लांबून वळसा. मग सी लायन गल्चला मुक्काम, साडेचार मैलांवरच. दुपारी दोनला तंबू ठोकून बसणं मला फार बोचत होतं. एवढा उजेड वाया! पण पुढे लगेच पट्टा आहे आणि पाणी वर आलेलं, तर बसायचंच.

दुसरा दिवस. पट्टा एक, ७:१५ ला आत, ११ च्या सुमारास रँडल क्रीकला बाहेर. मधे कुस्की क्रीकचं मुख आहे, तिथे दरी आत जाते आणि भरतीत थांबता येतं, म्हणजे चार मैलांची ही नळी अगदीच बंद नाही. कुस्कीला ९ पर्यंत पोचायचं, साडेदहापर्यंत नाही पोचलो तर तिथेच मुक्काम, वाद नाही. रँडलनंतर गवताळ सपाटी, स्पॅनिश फ्लॅट, मोकळं चालणं. मुक्काम किन्सी क्रीक. दिवसाचे सव्वासात मैल.

तिसरा दिवस फक्त पाच मैल, बिग फ्लॅटपर्यंत. मी आधी दुसऱ्या दिवशीच बिग फ्लॅट गाठून एक दिवस वाचवायचा म्हणत होतो. १२ मैल, त्यात ४ गोट्यांचे. दाजींनी काही न बोलता गुडघ्यावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. समजलं. शिवाय एक दिवस वाचवला असता तर दुसऱ्या पट्ट्याचा दिवस बदलला असता आणि खिडकी परत काढावी लागली असती.

चौथा दिवस. बिग फ्लॅटहून साडेआठला निघून ९ वाजता मिलर फ्लॅट सोडायचं, शिपमन क्रीक, बक क्रीक, आणि साडेबाराला गिचेल. या तिन्ही ओढ्यांच्या मुखांशी थोडी जागा आहे. मग शेवटची साडेतीन मैलांची काळी वाळू. काळी म्हणून लोकांना ज्वालामुखीची वाटते, पण ती इथल्याच गडद शेल आणि वाळूखडकाची झीज आहे.

डोंगरावर निसटायच्या वाटा : कुस्की, स्पॅनिश रिज, किन्सी रिज, बिग फ्लॅटहून रॅटलस्नेक रिज, आणि बक क्रीक. सगळ्या उभ्या चढाच्या, वर गेल्यावर पाणी मिळेल याची खात्री नाही आणि कडेला पॉयझन ओक, लागलं की अंगावर पुरळ उठवणारं झुडूप. शीटमध्ये नावं टाकलीत. वापरायची वेळ येऊ नये.

२० एप्रिल

राहिलं. तंबू कुठे लावायचा याचा नियम : ओल्या शेवाळाची जी रेघ दिसते तिच्या बऱ्याच वर. त्या दिवसांतली मोठी भरती रात्रीची आहे, साडेपाच-सहा फुटांची. दुपारची भरती बघून 'इथपर्यंत येतं पाणी' असं ठरवलं तर पहाटे तीनला स्लीपिंग बॅग तरंगणार.

ओढ्यांना जूनमध्ये पाणी असतं, फिल्टर करूनच प्यायचं. संडासचा नियम उलटा आहे इथे : नेहमी पाण्यापासून लांब जातो, इथे भरतीरेषेखालच्या ओल्या वाळूत खड्डा. ताईने हे दोनदा वाचून खात्री करून घेतली.

१७ मे

टेबल म्हणजे फक्त चंद्र-सूर्य. लाटा वेगळ्या. राष्ट्रीय हवामान सेवेचं युरेकाचं ऑफिस समुद्राचा अंदाज देतं, त्यात लाटेची उंची आणि पिरियड, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते, असे दोन आकडे असतात. मी उंचीच बघत होतो. पण ८ सेकंदांची सहा फुटी लाट आणि १६ सेकंदांची सहा फुटी लाट यांत खूप फरक, दुसरी वाळूवर कितीतरी वर धावत येते. दहा-पंधरा मिनिटं सगळं निवांत आणि मग अचानक एक लाट गुडघ्याच्या वर, यालाच इथे स्नीकर वेव्ह म्हणतात आणि या किनाऱ्यावर माणसं जातात त्यात. आमची मर्यादा ठरवली : उंची १० फुटांवर किंवा पिरियड १४ सेकंदांवर गेला तर पट्ट्यात शिरायचं नाही, एक दिवस थांबायचं. त्यासाठी एका दिवसाचं जादा खाणं कॅनिस्टरमध्ये. मावतंय कसंबसं.

दुसरा विषय दाजींनी काढला, भूकंप. मॅटोलच्या जवळच समुद्रात तीन प्लेटा एकत्र येतात. २५ एप्रिल १९९२ ला ७.२ चा धक्का बसला तेव्हा केप मेंडोसिनो ते पुंता गोर्डा भागातला किनारा कायमचा वर उचलला गेला, काही ठिकाणी चार फुटांहून जास्त, आणि दगडांना चिकटलेले शिंपले-शेवाळ पाण्याबाहेर राहून मेले. छोटी सुनामीही आली होती. मी हे वाचत बसलो आणि मनात आलं की आपण तीन फुटांसाठी एवढा हिशेब करतोय आणि जमीन स्वतःच चार फूट उठते. असो. जोराचा धक्का बसला तर बॅगा टाकून लगेच वर चढायचं, सायरनची वाट बघायची नाही, तिथे सायरन नाहीच. कड्याखालच्या पट्ट्यात असताना धक्का बसला तर काय, यावर तिघंही थोडा वेळ गप्प बसलो. जवळचं ओढ्याचं मुख. बाकी उत्तर नाही.

३० मे

शीट छापली, चार प्रती, तीन झिपलॉकमध्ये. चौथी आईकडे पाठवली, तिला सांगितलं १२ जूनला रात्री ९ पर्यंत मेसेज आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांब, आणि मग शीटवर लिहिलेल्या नंबरला फोन कर. फोनला रेंज नसते तिकडे, सॅटेलाइट मेसेंजर घेतलाय. तिने विचारलं, "हे सगळं फिरायला जाण्यासाठी?"

प्रत्येक पानावर दिवसाला फक्त तीनच गोष्टी ठेवल्या. निघायची वेळ, शेवटची वेळ, आणि शेवटची वेळ हुकली तर कुठे थांबायचं. मैलांचा रकाना ताईने काढून टाकायला लावला. म्हणाली थकल्यावर माणूस मैल मोजतो आणि घड्याळ विसरतो.

७ जून

अंदाज : लाट ५ ते ६ फूट, पिरियड ९ सेकंद, वारा वायव्येचा. जाणार.

८ जून

शेल्टर कोव्ह. रात्री समुद्राचा आवाज येतोय. दाजी ऑलरेडी झोपले. मी परत एकदा उद्याच्या ओहोटीची वेळ तीन ठिकाणी बघितली, तिन्हीकडे ८:५०, ताईने दिवा बंद केला.

१४ जून

परत आलो, तिघंही धड. विसरायच्या आत शीट आणि प्रत्यक्ष यातला फरक टिपून ठेवतो.

पुंता गोर्डा १२:३० च्या ऐवजी १२:१०, चांगलं. पण दीपगृहाच्या अलीकडे पाच-सहा एलिफंट सील अख्खी पुळण अडवून पडले होते, वरून वळसा घालायला ३५ मिनिटं. शीटमध्ये त्यांना शून्य मिनिटं दिली होती.

पट्टा एक : ३ तास ४० धरले होते, ४ तास २० लागले. दगड ओले असताना १.१ सुद्धा निघत नाही, ०.९ धरा. ताईने एकदा आपटी खाल्ली, तळहात खरचटला. कुस्कीला ९:२०, म्हणजे नऊच्या नंतर पण साडेदहाच्या बराच आत. रँडलला ११:३५. तेव्हा पाणी दीड फुटाच्या आसपास असणार, पुळण अजून रुंद होती, पण मागे वळून बघितलं तर ज्या खडकाच्या समुद्राकडच्या बाजूने तासाभरापूर्वी आलो होतो त्याच्या पायाशी फेस यायला लागला होता. जुन्या एक-तास-चुकीच्या शीटवर आलो असतो तर सकाळी तिथे पाऊल ठेवायलाच जागा मिळाली नसती. मी काही बोललो नाही. ताईही बोलली नाही, फक्त हसली.

तिसऱ्या दिवशी बिग फ्लॅटला दुपारी एकला पोचून नुसते पडून राहिलो, पाच मैलांच्या दिवसाबद्दल मी जे काही म्हणलं होतं ते मागे घेतो.

पट्टा दोन : ३ तास ५०. शिपमनला २० मिनिटं बसलो ते शीटमध्ये नव्हतं. बसायची वेळ धरायलाच हवी, तीन माणसं न बसता चार मैल जात नाहीत. शेवटची काळी वाळू पायाखाली सरकते, साडेतीन मैलांना पावणेतीन तास, तिघंही न बोलता. गाडीपाशी ४:१५. आईला मेसेज ५ ला, रेंज आल्यावर.

दाजींचा गुडघा सुजलाय पण ते म्हणतायत पुढच्या वर्षी परत, उलट्या दिशेने. वारा तोंडावर घेऊन. ताईने त्यांच्याकडे बघितलं फक्त.

कॅनिस्टर सोमवारपर्यंत परत द्यायचेत. तिसऱ्याचं झाकण वाळूने घासतंय, आधी धुवायला हवं.